घरी बडबडी, शाळेत गप्प: यातली खरी मुलगी कोणती?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. दोन वर्षांपूर्वी तुम्ही साताऱ्याजवळच्या गावातून पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला आलात. घरी तिची अखंड बडबड चालते. शाळेत मात्र ती तोंडच उघडत नाही, असं बाई सांगतात. सुट्टीत आजीकडे गेली की तिसरीच मुलगी दिसते: लहान चुलत भावंडांना गोळा करून गावभर फिरवणारी, त्यांची भांडणं मिटवणारी, डेअरीत दूध घालून येणारी. मिस्टर म्हणतात, हा जन्मजात स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. सासूबाई म्हणतात, एकटं वाढवलंत म्हणून असं झालं. आणि तुम्ही विचारताय की यातलं तिचं खरं व्यक्तिमत्त्व कोणतं, आणि मे महिन्यातल्या दहा दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात तिला घालावं का.

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे, मराठी माध्यमाच्या आणि सेमी-इंग्रजी अशा दोन्ही. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर दर वर्षी येतो, बहुतेकदा पालकसभा झाल्यानंतरच्या आठवड्यात. शिबिराबद्दल मी सांगणारच आहे, पण आधी ‘खरी कोणती’ याकडे नीट बघू, कारण तुमची काळजी तिथे अडकलेली दिसते. तुम्हाला वाटतंय की खरी मुलगी आत कुठेतरी तयार होऊन बसली आहे आणि शाळेत ती झाकली जाते. माझ्या अनुभवात तिन्ही मुली सारख्याच खऱ्या असतात. तिन्ही ठिकाणी तिला वेगळी माणसं भेटतात, वेगळं काम मिळतं, आणि तिथली माणसं तिला वेगळं धरून चालतात. आजीकडे तिच्यावाचून चार पोरांचं अडतं. वर्गात ती आली काय, न आली काय, कुणाचं काही अडत नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली या फरकात आहे.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवलं होतं की माणसाला ओळखणारी जितकी माणसं, तितके त्याचे सामाजिक ‘मी’. तुम्हीही माहेरी फोनवर बोलताना, ऑफिसात साहेबांसमोर आणि सासरच्या लग्नात तीन वेगळ्या प्रकारे वागत असाल. त्यातली कुठलीही तुम्ही खोटी नाही. मोठ्या माणसाला एवढं कळलेलं असतं की कुठे गप्प राहणारी आणि कुठे हसून बोलणारी, दोन्ही मीच. दहाव्या वर्षी ते पुरतं कळलेलं नसतं. म्हणून ‘घरी एवढी बोलतेस, मग शाळेत काय होतं तुला?’ असं विचारलं की मूल गोंधळतं आणि आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं समजून बसतं. हे वाक्य तुमच्या घरी बोललं जात असेल तर ते आजपासून थांबवा. बाकी सगळं सावकाश केलं तरी चालेल.

आता हा ‘मी’ तयार कसा होतो ते बघू. याची सुरुवात लोकांना वाटते त्यापेक्षा फार लवकर होते, आणि ती एकट्याने होत नाही. दोन वर्षांचं मूल ‘सोनूला भूक लागली’ म्हणतं, कारण त्याने स्वतःबद्दलचं बोलणं इतरांच्या तोंडून तसंच ऐकलेलं असतं. ‘मी’ नंतर येतो, आणि तोही बाहेरूनच. दोन थोरल्या भावांच्या मागे वाढलेली मुलगी काही महिने बिनदिक्कत ‘मी जातो’ म्हणत फिरते, हे आपल्याकडे कितीतरी घरांत पाहायला मिळतं. मूल आरशात स्वतःला ओळखू लागतं ते साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान. १९७२ साली ब्यूला अ‍ॅमस्टरडॅम यांनी मुलांच्या नाकाला नकळत लाल रंग लावून त्यांना आरशापुढे ठेवलं होतं. लहान मुलं आरशातल्या बाळाशी खेळायला जात. या वयाला पोहोचलेली मुलं मात्र स्वतःच्या नाकाला हात लावत, काही तर लाजून मान वळवत. मला या प्रयोगातलं लाजणं फार महत्त्वाचं वाटतं. मुलाला स्वतःचा चेहरा कळतो त्याच सुमारास तो दुसऱ्याला कसा दिसतो याचीही जाणीव होऊ लागते. त्याआधी गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींवर असाच प्रयोग केला होता. कळपात वाढलेल्या चिंपांझींना आरशातलं रूप आपलं आहे हे कळलं. जन्मल्यापासून एकटं ठेवलेल्या चिंपांझींना, समोर आरसा असूनही, ते कळलं नाही. प्रयोगातले प्राणी थोडेच होते, म्हणून त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण दुसऱ्यांच्या सहवासाशिवाय ‘हा मी’ हे उमगणंसुद्धा कठीण जातं, याची चुणूक त्यातून मिळते.

चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली आरशाचीच उपमा घेऊन हे मांडलं. तो स्वतःच्या मुलांचं निरीक्षण करत असे. त्याच्या म्हणण्यात तीन पायऱ्या आहेत. मी समोरच्याला कशी दिसत असेन याची मी कल्पना करते. तो माझ्याबद्दल काय मत बनवत असेल याची कल्पना करते. आणि त्यातून मला अभिमान वाटतो किंवा शरम वाटते. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत. समोरच्याला खरंच काय वाटतं याची मुलीला खात्री नसते, ती अंदाज बांधते. तुमच्या मुलीने वर्गात पहिल्या महिन्यात एखादं वाक्य बोललं असेल, कुणीतरी हसलं असेल. ते हसणं कदाचित भलत्याच गोष्टीवर असेल. पण तिने बांधलेला अंदाज आजही तिच्यासोबत रोज शाळेत जातो. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांत माणसं आयुष्य काढतात. मुलाच्या मनात हे ‘लोक’ कधी आणि कसे शिरतात, हे माझ्या कामाचं मोठं अंग आहे.

ते शिरतात खेळातून. शिकागोत शिकवणारे जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हे फार नेमकं सांगितलं. त्यांचं निधन १९३१ साली झालं आणि त्यांचे विचार नंतर १९३४ मध्ये विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून पुस्तकरूपाने आले. त्यांनी खेळाचे दोन टप्पे मानले. पहिल्यात मूल एका वेळी एका माणसाची भूमिका घेतं. आपली भातुकली म्हणजे हाच टप्पा. चार वर्षांची पोर आई होते, बाहुलीला रागावते, मग लगेच डॉक्टर होऊन त्याच बाहुलीला सुई टोचते. ती रागावते तेव्हा कान देऊन ऐका, तुमचेच शब्द तुमच्याच चढलेल्या आवाजात ऐकू येतील. आईच्या जागी उभं राहून ती स्वतःकडे बघायला शिकत असते.

दुसरा टप्पा नियमांच्या खेळांचा. मीड यांनी बेसबॉलचं उदाहरण दिलं, मी पालकांना खो-खोचं देते. आठजणी एका रांगेत एकीआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेल्या, नववी पाठलागावर. पळणारी रांगेतून आरपार जाऊ शकते, पाठलाग करणारीला ती मुभा नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत उलट फिरता येत नाही. म्हणून खो कुणाला द्यायचा हे ठरवताना तिला एका क्षणात सगळ्यांच्या जागा, सगळ्यांची तोंडं आणि सगळ्यांकडून असलेल्या अपेक्षा डोक्यात धराव्या लागतात. बसलेलीलाही मागून खो येईपर्यंत उठता येत नाही, पण उठण्याच्या तयारीत राहावं लागतं. इथे एकट्या आईच्या जागी उभं राहून भागत नाही. सगळ्या संघाच्या नजरेतून स्वतःकडे बघावं लागतं. मीड यांच्या मते पूर्ण वाढलेला ‘मी’ इथे आकार घेतो, समूहाच्या सामाईक अपेक्षा आपल्याशा झाल्या की.

या दोन टप्प्यांच्या मधली एक सुंदर सोय आपल्या गल्लीतल्या मुलांनी कधीपासून करून ठेवली आहे. लहान भाऊ मागे लागला की त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. तो धावतो, ओरडतो, त्याला आउटही करतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला नियम अजून पेलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तो खेळात असतो. मग एक दिवस तोच हट्ट धरतो की माझ्यावरपण राज्य येऊ दे. त्या हट्टाचं मोल मी पालकांना नेहमी सांगते. बाकीच्यांनी आपल्याला जमेस धरावं, आपली चूक चूक म्हणून मोजावी, अशी मागणी ते मूल करत असतं. ही मागणी आईबाप शिकवू शकत नाहीत. ती मोठ्या-लहान पोरांच्या घोळक्यातच सुचते. तुमच्या मुलीला आजीकडे असा घोळका आहे आणि त्यात ती आता थोरली आहे. सोसायटीत खाली कोण खेळतं, किती वयाची मुलं आहेत, ती खाली जाते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला ते जाणून घ्यायला आवडेल.

आता मिस्टरांच्या म्हणण्याकडे वळते, कारण ते पूर्ण चूक नाहीत. स्वभावाचा काही भाग जन्मतः येतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांत व्यक्तिमत्त्वाचे जे फरक असतात, त्यांतला ढोबळमानाने निम्म्याच्या जवळपास वाटा आनुवंशिकतेचा असतो. याचा अर्थ तुमची मुलगी निम्मी ठरलेली आणि निम्मी मोकळी असा होत नाही. तो आकडा समूहातल्या फरकांबद्दल बोलतो, एका मुलीबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. मला स्वतःला जास्त उपयोगी पडलेला अभ्यास अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांचा. १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मुलांना तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाहिलं. त्यांना साधारण १५ टक्के मुलं अशी आढळली की नव्या जागेत, नव्या माणसांत ती आधी मागे सरतात आणि सावकाश रुळतात. त्यांना घाई केली तर ती आणखी मागे सरतात, वेळ दिला तर बऱ्यापैकी रुळतात. थॉमस आणि चेस यांनी भर दिला तो स्वभाव आणि परिस्थिती यांचा मेळ बसण्यावर. तेव्हा मिस्टरांना एवढंच सांगा: सावकाश रुळणं जन्माचं असू शकतं, पण दोन वर्षं उलटूनही न रुळणं हे फक्त जन्मावर टाकता येणार नाही. सासूबाईंनाही सांगा की एकुलती एक असण्यात दोष नाही. रोज भेटणारी, भांडणारी, पुन्हा बोलायला येणारी मुलं आसपास असली की भावंडांची उणीव बरीच भरून निघते.

गावातून शहरात येणं हा मुद्दा तुम्ही एका ओळीत संपवला आहे. मी त्यावर रेंगाळणार आहे, कारण अशा बऱ्याच मुलांच्या बाबतीत गाठ इथे सापडते. समोरचा आरसा दर वेळी सरळ असतोच असं नाही. गावाकडून आलेलं मूल वर्गात ‘पानी’ म्हणतं, हेल काढून बोलतं, आणि चार मुलं हसतात. कधी शिक्षकही हसत हसत ‘पाणी म्हण, पाणी’ असं सगळ्यांदेखत सांगतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण मुलाने ते शब्द आईकडून, आजीकडून घेतलेले असतात. बोलण्याला हसलं की त्याला ते घराला हसल्यासारखं वाटतं, आणि गप्प बसणं हा त्यावर त्याला सापडलेला सर्वांत सोपा उपाय असतो. ते गप्प बसणं मला तरी समजूतदार वाटतं.

असाच एक सहावीतला मुलगा माझ्याकडे पाठवला होता, मराठवाड्यातून पिंपरी-चिंचवडला आलेला. वडील कारखान्यात कंत्राटी कामाला. शाळेचा शेरा होता ‘मंद, बोलत नाही’. माझ्याशी तो तिसऱ्या भेटीत बोलला, तेही ज्वारीवर. त्याच्या वर्गशिक्षिका तरुण आणि चांगल्या होत्या. मी त्यांना सुचवलं की त्याला भाषण करायला लावू नका, त्याला माहीत असलेलं काहीतरी वर्गाला लागेल अशी वेळ आणा. खरीप आणि रब्बीचा धडा आला तेव्हा बाईंनी पुस्तक बाजूला ठेवून त्याला विचारलं की तुमच्याकडे ज्वारी कधी पेरतात, हुरडा कधी होतो, कणसं कशावर भाजतात. वर्गातल्या निम्म्या मुलांनी हुरडा फक्त सहलीला जाऊन खाल्लेला. मुलंच एकामागून एक प्रश्न विचारू लागली आणि तो आपल्या बोलीत उत्तरं देत राहिला. त्या दिवशी सगळं बदललं असं नाही. मोठ्याने वाचताना तो वर्षअखेरपर्यंत अडखळत होता. पण डबा खायला त्याच्याजवळ दोन मुलं बसू लागली, आणि पुढचं काम त्या दोघांनी केलं. बाईंनी त्याचा स्वभाव बदलायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी वर्गात त्याची जागा बदलली.

वाकड्या आरशाबद्दल बोलताना तुमच्या साताऱ्याचंच एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहिलं आहे की बसायला गोणपाट घरून न्यावं लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल तर पाणी नाही. एका लहान मुलाला सगळी शाळा रोज सांगत होती की तू कोण आहेस. कूलीची मांडणी शब्दशः घेतली तर त्या मुलाने शरमेनेच मोठं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही, आणि याचं कारण शोधायला हवं. घरात कबीरपंथी वडील होते, त्यांनी मुलांकडून वाचून घेतलं, पाठ करून घेतलं. पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वेगळे शिक्षक, वेगळे सोबती मिळाले. तिथे त्यांना शिकवणारे जॉन ड्यूई हे मीड यांचे जवळचे मित्र आणि आधीचे सहकारी. ड्यूईंनीच मीड यांना १८९४ मध्ये शिकागोत आणलं होतं. मीड यांच्या विचारातही माणूस समाजाची निव्वळ प्रतिमा नसतो. समाजाने दिलेली एक बाजू असते आणि तिला उत्तर देणारी दुसरी बाजू असते. ते उत्तर काय असेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. बाबासाहेबांची प्रतिभा असामान्य होती, हे खरंच. पण आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघणारी माणसं लाभणं, ही गरज प्रत्येक मुलाची असते. वर्गातला आरसा लगेच सरळ करणं तुमच्या हातात नसेल. दुसरे आरसे मिळवून देणं हातात आहे.

इथवरचं आवरून सांगते: तिचा सावकाश रुळणारा स्वभाव असेल, त्यावर गाव सुटल्याचा भार असेल, वर्गात तिला स्वतःची जागा नसेल. यातलं किती काय आहे हे मला इथून सांगता येत नाही, आणि काही गोष्टी आधी तपासाव्या लागतील. ती शाळेत कुणाशीच बोलत नाही, की एखाद-दुसऱ्या मैत्रिणीशी हळू का होईना बोलते? बाईंनी विचारल्यावर मान हलवते का? शौचालयाला जायचं असेल तर विचारू शकते का? घरी नीट बोलणारं मूल शाळेत एका महिन्याहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल, आणि हा काळ शाळेचा अगदी पहिला महिना नसेल, तर त्याला निवडक मौन म्हणतात. तो चिंतेचा विकार आहे. त्यावर उपचार आहेत आणि त्यासाठी बालमानसतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ गाठायला हवा. एकदा कान तपासून घ्या, गोंगाटाच्या वर्गात कमी ऐकू येणारी मुलं गप्प होतात. आणि गप्प राहणं एखाद्या विशिष्ट महिन्यापासून अचानक सुरू झालं असेल तर तेव्हा काय घडलं ते शोधा. व्हॅनमध्ये, शौचालयात, मधल्या सुट्टीत. यातलं काही नसेल तर पुढचं वाचा.

घरातून सुरुवात करा. पाहुणे येतात, ‘काय गं, कितवीत आहेस?’ विचारतात, ती दोन क्षण थांबते, आणि आपण पटकन म्हणतो, ‘आमची जरा लाजाळूच आहे.’ आपण तिची बाजू सावरत असतो, पण तिच्या कानावर एक निकाल पडतो, आणि तोही सर्वांत विश्वासाच्या माणसाकडून. पुढच्या वेळी ती आणखी जास्त थांबते, कारण लाजाळू मुलीने तसंच वागायचं असतं. ते वाक्य गाळा. पाचेक सेकंद शांतता राहू द्या, फार अवघड वाटेल पण राहू द्या. ती नाहीच बोलली तर चहाचा विषय काढा आणि पुढे चला. ‘काकांना कविता म्हणून दाखव’ हेही बंद. फोनवर बहिणीला तिच्याबद्दल सांगताना ती शेजारच्या खोलीत आहे हे लक्षात असू द्या, मुलांना ते सगळं ऐकू येतं.

कौतुक करतानाही तेच. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलं तुमच्या मुलीएवढीच, पाचवीतली. कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. हुशार म्हटलेली मुलं नंतर सोपी कामं निवडू लागली आणि अपयश आल्यावर जास्त ढेपाळली. हुशार हे चांगलं विशेषण, पण तेही एक लेबल, आणि मूल ते जपत बसतं. तुमची मुलगी भावंडांची भांडणं मिटवते ना? मग ‘तू धीट आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘त्या दोघांचं ऐकून घेतलंस आणि मग ठरवलंस, म्हणून त्यांनी मानलं’ असं सांगा. तिने काय केलं ते तिला दिसलं तर ते शाळेतही करता येईल, हे तिचं तिला सुचतं.

मग एक मैत्रीण. दहाजणींचा गट नको, एकच. वर्गातली किंवा व्हॅनमधली एखादी, जिच्याबद्दल ती घरी बोलते. तिच्या आईला फोन करा, शनिवारी दुपारी घरी बोलवा, भेळ करायला दोघींना बसवा आणि तुम्ही तिथून उठून जा. काहीतरी हातात असलं की गप्प मुलांना बोलणं सोपं जातं. आपल्या घरात, आपल्या भाषेत बोलणारी ही मुलगी त्या मैत्रिणीने पाहिलेली असणं फार कामाचं. सोमवारी वर्गात निदान एक माणूस तिला गप्प मुलगी समजत नसेल.

बाईंना भेटा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. तिला सगळ्यांसमोर उभं करू नये आणि तिला एखादं नेमाचं काम द्यावं, एवढीच विनंती करा. वह्या गोळा करणं, दुसऱ्या मुलीबरोबर हजेरीपत्रक कार्यालयात पोहोचवणं, वर्गाच्या वाचनपेटीचा हिशोब. अशा कामात दोन-चार शब्द बोलावेच लागतात आणि मुख्य म्हणजे ती आली नाही तर कुणाचं तरी अडतं. आजीकडे तिला हेच मिळतं.

घरी आल्यावर ‘आज बोललीस का?’ विचारू नका. डब्याला शेजारी कोण होतं, तिने काय आणलं होतं, कुणाला ओरडा बसला, मग ती काय म्हणाली, हे विचारा. स्वतःवरचं लक्ष उठलं की मुलं भरभरून सांगतात. इतर मुलंही घाबरतात, चुकतात, रडतात हे तिच्याच तोंडून बाहेर पडतं. सगळे माझ्याकडेच बघताहेत, हा तिचा अंदाज त्याने हळूहळू सैल होतो.

आता शिबिर. ही शिबिरं वाईट नसतात. उभं कसं राहावं, आवाज कसा लावावा, हे तिथे शिकता येतं. पण दहा दिवसांत अनोळखी मुलांचा घोळका जमतो आणि विखुरतो. सावकाश रुळणारं मूल रुळू लागतं तोवर समारोप आलेला असतो आणि पालकांसमोर दोन मिनिटं बोलायची सक्ती होते. तुमच्या मुलीला बोलता येतं, ते तिला शिकवायचं नाही. तिला माणसं हवी आहेत, तीच तीच, आठवड्यामागून आठवडे भेटणारी. तेवढ्याच पैशांत खो-खोचं किंवा कबड्डीचं जवळचं मैदान, बालनाट्याचा वर्षभर चालणारा गट, गाइडचं पथक, राष्ट्र सेवा दलाची शाखा, यांपैकी जे जवळ असेल ते बघा. नाटकात पहिल्या वर्षी ती पडद्यामागे सामान मांडत बसली तरी हरकत नाही, प्रयोगाला ते सामान लागतंच. वेगवेगळ्या वयांची मुलं असलेला गट मिळाला तर सर्वांत उत्तम. सोसायटीच्या गणपतीत तिला प्रसाद वाटायला किंवा लहान मुलांच्या स्पर्धेची नावं लिहून घ्यायला लावा. आणि मे महिना तिला आजीकडेच घालवू द्या. तिथला तिचा ‘मी’ मजबूत आहे, त्याची दर वर्षी उजळणी व्हायला हवी.

एका प्रसंगात मी शिबिराला होकार देईन: तिची मैत्रीण जाणार असेल आणि हिला स्वतःला जावंसं वाटत असेल तर.

दहाव्या वर्षी उशीर झालाय का, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे. नाही. फार टोकाचं उदाहरण आहे, पण सांगते. १९३८ साली अमेरिकेत ओहायोमध्ये एक साडेसहा वर्षांची मुलगी सापडली. अभ्यासकांनी तिला इझाबेल असं नाव दिलं. ऐकू-बोलू न शकणाऱ्या आईबरोबर तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं होतं. तिला एकही शब्द बोलता येत नव्हता. माणसं भेटली, चिकाटीने शिकवणारे मिळाले, आणि साधारण दोन वर्षांत ती तिच्या वयाच्या मुलांच्या बरोबरीला आली. तिच्याजवळ इतकी वर्षं एक माणूस तरी होतं, याचाही त्यात वाटा असावा. तुमच्या मुलीजवळ तर आई, बाबा, आजी आणि गावभर भावंडं आहेत.

एक गोष्ट मला तुमच्या लिहिण्यात सापडली नाही. मिस्टरांचं मत आहे, सासूबाईंचं आहे, बाईंचं आहे, तुमचं आहे. तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे? समोर बसवून विचारू नका. रात्री भाजी निवडताना किंवा स्कूटरवर मागे बसलेली असताना विचारा, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही. ‘शाळेत तुला कुणाबरोबर बसायला आवडलं असतं?’ एवढंच. तिने एखाद्या मुलीचं नाव घेतलं तर शनिवारचा फोन त्या घरी करा. आणि कुणाची भीती वाटते असं सांगितलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते नाव घेऊन वर्गशिक्षिकांना भेटा.